मरायच्या जरा आधी

जानराव मेला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर माणसं शेवटपर्यंत वाट पाहत बसतात आणि मग सांगणाऱ्यावर रुसतात. तर सांगून झालं. आता ते पुसून टाका. जानराव मेलेला नाही. तो ठणठणीत आहे, सरकारी लॉरी हाकतो आहे, फक्त कुठे हाकतो आहे ते कोणाला ठाऊक नाही. रिठदला त्याचा धाकटा भाऊ इंद्रभान असंच म्हणायचा, आणि ही गोष्ट इंद्रभानची असल्यामुळे आपल्यालाही तसंच धरून चाललं पाहिजे.

सरकारचं म्हणणं थोडं निराळं होतं. लढाईपूर्वी जानराव वाशीमच्या एका जिनवाल्याची कापसाची लॉरी चालवायचा. भरतीवाल्याने त्याला सांगितलं की काम तेच आहे, रस्ते तेवढे चांगले आहेत. जानराव गेला. मग सिंगापूर पडलं आणि त्या पडझडीत जानराव कुठेतरी सांडला. वाशीमच्या कचेरीतून निरोप आला की इसम बेपत्ता आहे.

रिठदला बेपत्ता व्हायचे ते बैल नाहीतर शेळ्या, आणि त्यांची चौकशी कोंडवाड्यात करायची असते. म्हणून जानरावाचा बाप उकंडराव कचेरीत गेला आणि त्याने कारकुनाला विचारलं, "कोन्या कोंडवाड्यात पाहू?"

"लढाईत बेपत्ता आहे तो," कारकून म्हणाला. "म्हणजे सापडलेला नाही."

"सापडला नाई हे समजलं. पन पाहून कोन राह्यलं त्याले?"

कारकुनाने या प्रश्नावर पान काढलं, त्याला विचारपूर्वक चुना लावला आणि ते तोंडात टाकलं. तोंडात पान असल्यावर अर्थातच त्याला बोलता येईना.

बापाच्या मागे इंद्रभान उभा होता. घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली, की भावाला कोणीही शोधत नाही. त्याने ती वहिनीला सांगितली. सोजरबाई, म्हणजे जानरावाची बायको, चुलीपुढे भाकरी थापत होती.

"मंग तुमी जा, भाऊजी," ती म्हणाली. "तुमाले त हरवलेली सुई बी सापडते."

इंद्रभानला हरवलेली सुई आयुष्यात एकदाच सापडली होती, आणि तीही टाचेत. पण काही वाक्यं खरी आहेत की खोटी हे पाहायचं नसतं. तो जायला निघाला.

आता लढाईवर जायचं म्हणजे काहीतरी येत असलं पाहिजे. शिपाई म्हणून घेतलं तर वाटेल तिकडे पाठवतील. वाळवंटात पाठवतील, जिथे जानराव नव्हता. पूर्वेकडे हवे होते मोटार दुरुस्त करणारे, आणि ते तयार करण्यासाठी त्या वर्षी वाशीमला एक वर्ग निघाला. जागा होती एका बंद पडलेल्या जिनाचं गोदाम. शिकवायला गफूर मिस्त्री, जो त्याच जिनाचं इंजिन सांभाळत म्हातारा झाला होता. आणि शिकायला मोटार होती एकच, लाल रंगाची, दोन माणसांची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी, शर्यतीत पळवायची विलायती गाडी.

ही गाडी मंगरूळपीरकडच्या एका जहागीरदाराची. त्याने ती हौसेने आणली आणि हौसेनेच शंकरपटात बैलांच्या जोडीबरोबर पळवली. काळ्या मातीत बैल पुढे गेले आणि गाडी रुतली. जहागीरदार इरेला पेटला, त्याने इंजिन तसंच रेटलं, खालची तेलाची परात एका दगडावर फुटली, तेल गेलं, आणि इंजिन जागच्या जागी आवळून बसलं. बैलांना हार घातले गेले. जहागीरदाराने गाडी लढाईला दान केली. शर्यतीची गाडी घेऊन लढाईत काय करायचं असतं हे सरकारलाही सुचेना, म्हणून सरकारने ती शिक्षणाला दिली. वाशीमपर्यंत तिला बैलांनी ओढत आणलं. तेच बैल होते असं लोक सांगतात, पण लोक काय वाटेल ते सांगतात.

"लॉऱ्या दुरुस्त करा लागतीन तिकडं," पहिल्याच दिवशी लखमा म्हणाला. "अन् हे त खेळनं हाय, मिस्त्री." लखमा मंगरूळपीरजवळच्या तांड्यावरचा, इंद्रभानच्याच वयाचा. त्याचा काकाही लॉरीवर गेला होता आणि बेपत्ता झाला होता, पण लखमा त्याला शोधायला वगैरे जाणार नव्हता. तो पगारासाठी आला होता आणि तसं स्पष्ट सांगायचा.

"घोडा काय, खच्चर काय," गफूर मिस्त्री म्हणाला. "आत काळीज एकच असते. खोला."

खोलायला उन्हाळा गेला. आवळलेल्या इंजिनात रॉकेल ओतून ते भिजत ठेवायचं आणि रोज येऊन पाहायचं की काही सैल पडलं का. मिस्त्रीने जमिनीवर पांढरं धोतर अंथरायला लावलं, आणि जो भाग निघेल तो ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने त्यावर मांडायचा. नळ्या, दांडे, स्प्रिंगा, जळून काळे पडलेले बेरिंगचे तुकडे. सगळे उकिडवे बसून ते वेचत होते, आणि पांढऱ्या कपड्यावर असं वेचताना काय आठवतं ते प्रत्येकालाच आठवत होतं. शेवटी लखमाच म्हणाला, "दूध शिंपडा लागते का, मिस्त्री?"

"चूप बैस."

तीन पिस्टन निघाले. चौथा निघेना. खालून लाकूड लावून हाणला, वरून रॉकेल पाजलं, मिस्त्रीने त्याला उर्दूत समजावलं. तो आपला नळकांड्यात फुगून बसलेला.

"त्याचा जीव कशात तरी अडकला हाये," लखमा म्हणाला. "पिंडाले कावळा नाई शिवला का आपन काय करतो? वचन देतो." मग तो वाकला आणि पिस्टनला गंभीरपणे म्हणाला, "तुह्या पोरीचं लगन आमी करून देऊ. जाय बाप्पा तू आता." आणि घण मारला. पिस्टन निघाला.

सगळे हसले. इंद्रभानही हसला, पण त्या दिवशी त्याने डबा उघडला नाही.

पावसाळ्यात जोडायचं काम सुरू झालं. नवं बेरिंग म्हणजे पांढरा धातू वितळवून साच्यात ओतायचा, आणि मग दांडा त्यात अचूक बसेपर्यंत खरवडायचा. कुठे टेकतं ते दिसावं म्हणून दांड्याला निळा रंग फासतात. विलायती रंग नव्हता, म्हणून परटिणीकडची नीळ तेलात कालवली. दांडा बसवायचा, फिरवायचा, काढायचा, जिथे निळा डाग पडला तिथे खरवडायचं, पुन्हा बसवायचा. इंद्रभानच्या नखांत ती नीळ इतकी गेली की सोजरबाईने विचारलं, "भाऊजी, इंजन शिकून राह्यले का लुगडे धुऊन राह्यले?" हे काम त्याला सगळ्यांत चांगलं जमायचं. ज्याला घाई नाही त्याला ते जमतं, आणि इंद्रभानला इतकी घाई होती की थोडीशी चूक करून सगळं पुन्हा करणं त्याला परवडणार नव्हतं.

त्याचं घोडं अडलं ते दुसरीकडेच.

मिस्त्रीने एक दिवस पिस्टन हाताने वर सरकवून दाखवला. "हे पाहा. वर जाते, जाते, अन् इथं आल्यावर थांबते. ना वर, ना खाली. साहेब लोक त्याले डेड म्हनते. टॉपचा डेड. म्हंजे काय?"

"वरचा मेला," लखमा म्हणाला.

"हां. अन् खाली जाऊन थांबला का?"

"खालचा मेला."

"शाबास. आता वरती दारू भरेल हाय, पेट्रोलची. तिले आग द्या लागते. कवा द्यायची? इंद्रभान, तू सांग."

इंद्रभानने या प्रश्नात अवघड काय आहे ते शोधून पाहिलं. काही सापडलं नाही. "मेल्यावर," तो म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. रिठदला, वाशीमला, तांड्यावर, सगळीकडे हीच रीत होती.

"मेल्यावर देशीन त गाडी बैलाच्या मांगं राहीन," मिस्त्री म्हणाला. "मरायच्या जरा आधी द्यायची. आगीले बी पेटाले टाइम लागते ना, बाप्पा. तू मेल्यावर काडी लावशीन, अन् ते पेटेपर्यंत पिस्टन खाली निंघून जाईन. अन् ही शर्यतीची गाडी हाय. जितकी जोरात पळवायची, तितकी आग आधी."

"मरायच्या आधी आग देल्ली त पाप नाई लागत?" एकाने विचारलं.

"लय आधी देल्ली त लागते. इंजन उलटं मारते. हँडल फिरवनाऱ्याचा हात मोडते."

ठिणगीची वेळ लावायचं चाक होतं. प्रत्येकाने ते स्वतः लावून दाखवायचं. इंद्रभानचा हात ते चाक बरोबर मरणावर नेऊन ठेवायचा, एक केसभर आधी नाही. मिस्त्री रागवायचा, चाक मागे घ्यायचा. इंद्रभान ते समजलं म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मरणावर आणून ठेवायचा. लखमाने नेमकं उलट केलं. त्याने हौसेने इतक्या आधी लावलं की चाचणीच्या वेळी हँडल उलटं फिरलं आणि त्याचं मनगट मोडलं. हाड बसवणाऱ्या वैदूकडे जाताना तो म्हणाला, "पाह्य इंद्रभान, तुह्यासारखं थंड राह्यलो असतो त आज दोन हात असते."

पोळा जवळ आला तसा सही-अंगठ्याचा प्रश्न निघाला. दसऱ्यानंतर परीक्षा, परीक्षेनंतर नेमणूक, पण मुलगा अजून लहान म्हणून बापाचा अंगठा हवा होता. इंद्रभान घरी आला आणि विषय काढला.

उकंडराव बाजेवर बसून दावं वळत होता. मग म्हणाला, "एक गेला. आता दुसरा चालला. तू बी बेपत्ता झाला त जानरावाले अग्नी कोन देईन? मी? बापानं पोराले द्यायची असते का?"

"तो मेलाच नाई, बाबा. मी त्याले आनाले चाललो."

"आन ना. मी काय नको म्हनलं? पन जायच्या आधी त्याचं करून जाय. मंग अंगठा देतो."

"जित्या मानसाचं करू?"

"जिता असन त त्याले काय होते?" उकंडराव दावं ओढत म्हणाला. "पानाचा मानूस करतेत. त्याले जाळतेत. जानरावाले कोन जाळते? अन् मेलेला असन त त्याची सुटका होईन. दोन्हीकडून नफाच हाय."

इंद्रभानने हे उलटंसुलटं करून पाहिलं. भाऊ जिवंत आहे म्हणून त्याला आणायला जायचं, आणि जाता यावं म्हणून आधी त्याला मेलेला करायचं. कुठे तरी काही तरी उलटं बसलं होतं, पण खरवडायला जागा दिसेना.

भटजींनी आधी नकार दिला. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची असते, असं ते म्हणाले. उकंडराव म्हणाला, बारा वर्षांत माझंच करावं लागेल. भटजींनी पोथी पुन्हा पाहिली आणि लढाईत काळ जोरात धावतो असा निर्वाळा दिला.

सोजरबाईने ते आतून ऐकलं. ती दाराशी आली आणि सासऱ्याला काही न बोलता इंद्रभानला म्हणाली, "तुमी देसान अग्नी?"

"वयनी, मिस्त्री म्हनते पळत्या गाडीले आग जरा आधीच द्या लागते."

"तुमचे भाऊ गाडी हायेत का?"

इंद्रभानजवळ फक्त अंगठ्याची गरज होती. तो म्हणाला, "मी जाऊ का नको जाऊ, तेवढं सांगा."

सोजरबाई जरा वेळ त्याच्या निळ्या नखांकडे पाहत राहिली. "जा," ती म्हणाली. "अन् घेऊन या."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, नाल्याच्या काठी जानराव तयार केला. पळसाच्या पानांचे हात, पळसाच्या पानांचे पाय, कणकेचं धड, डोक्याच्या जागी नारळ. इंद्रभान भाग हातात देत होता, आणि ते कोणत्या क्रमाने लागतात हे त्याला न विचारता कळत होतं. भटजींनी एकदा उजवा हात डावीकडे ठेवला तर त्याने तो उचलून जागेवर लावला. भटजींनी त्याच्याकडे पाहिलं. "वर्गात शिकतो मी," इंद्रभान म्हणाला.

मग त्याने अग्नी दिला. पानं ओली होती, धूर झाला, नारळ उशिरा फुटला. घरी मनकर्णाबाई नावाच्या शेजारणीने सोजरबाईच्या बांगड्या फोडल्या. सोजरबाई रडली नाही. ती म्हणाली, "भाऊजी त्यायले घेऊन आले का नव्या भरीन," आणि हात पुढे केला, जणू बांगड्या भरूनच घ्यायच्या होत्या.

दहाव्याला कावळा आला नाही. लिंबावर एक बसला होता. त्याने भाताकडे पाहिलं आणि तो दुसऱ्या कोणाच्या तरी बैलाच्या पाठीवर जाऊन बसला. नातेवाइकांनी जानरावाला वचनं दिली. जमीन विकणार नाही, सोजरबाईला सांभाळू, बैल चांगले ठेवू. काहीच होईना. शेवटी इंद्रभान पुढे झाला आणि पिंडाला हळूच म्हणाला, "तू हलू नको. मी तुले आनाले येऊन राह्यलो." कावळ्याने हेही ऐकलं नाही. तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा वळला आणि तोच पिंडाला टेकवला. पानांचा माणूस, गवताचा कावळा; त्यातल्या त्यात भात तेवढा खरा होता.

उकंडरावाने अंगठा दिला. माणूस शब्दाचा पक्का.

इंद्रभान वर्गावर परतला, त्याने ठिणगीचं चाक धरलं आणि पहिल्याच खेपेला मरणाच्या थोडंसं आधी आणून सोडलं. मिस्त्रीने तपासलं. पुन्हा तपासलं. "आता कसं जमलं बे?"

"सवय झाली," इंद्रभान म्हणाला.

परीक्षेला नागपूरचा साहेब आला. हँडल इंद्रभानने मारलं. लाल गाडीचं इंजिन एकदा खोकलं आणि मग असं सुरू झालं की गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि बाजारातली माणसं धावत आली. साहेब इतका खूश झाला की त्याने इंद्रभानला जवळ बोलावून दाखला आपल्या हाताने लिहून दिला, आणि त्यात, मुलाचं भलं व्हावं म्हणून, लिहिलं की हा इसम स्पोर्ट मोटारीच्या इंजिनाचा खास जाणकार आहे.

या एका ओळीने इंद्रभानचं वाटोळं झालं. मोडक्या मनगटाचा लखमा कसाबसा पास झाला, त्याच्याबद्दल कोणी काही खास लिहिलं नाही, आणि त्याला ताबडतोब लॉऱ्या दुरुस्त करायला पूर्वेकडे पाठवलं. इंद्रभानला कामठीच्या छावणीत पाठवलं. तिथे एका कर्नलसाहेबाची दोन माणसांची शर्यतीची गाडी होती. अख्ख्या मध्यप्रांतात ती समजणारा दुसरा कोणी नव्हता.

तो दर महिन्याला अर्ज करायचा की मला पूर्वेकडे पाठवा. अर्ज लिहिणारा छावणीतला मुन्शी त्याला 'कृपाळू होऊन' आणि 'सदरहू' कुठे टाकायचं ते शिकवत गेला. मग तो स्वतःच लिहू लागला. कर्नलसाहेब अर्ज वाचायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा की तुझ्यासारखा माणूस जंगलात वाया घालवणं हे पाप होईल. पेट्रोल तर मिळत नव्हतं. गाडी पळायची ती फक्त रविवारी, क्लबापर्यंत. इंद्रभान बाकीचे सहा दिवस ती सुरू करायचा, ऐकायचा आणि बंद करायचा. अशी लढाई संपली.

तो रिठदला परतला तेव्हा सोजरबाईने त्याच्या मागे रस्त्यावर पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तिने पाण्याचा तांब्या आणून दिला आणि ती आत गेली. पण जानरावाचं जगणं तेवढ्यावर थांबलं नाही. जानराव मेला असा कागद अजून कुठून आला नव्हता, म्हणून इंद्रभानच्या हिशोबाने तो अजून बेपत्ताच होता, आणि बेपत्ता माणूस परत येतो. लखमाचा काका नाही का आला? खरंच आला होता. जपान्यांच्या कैदेतून सुटलेल्या माणसांबरोबर फुलसिंग तांड्यावर पोचला होता, आणि एक दिवस लखमा त्याला घेऊन रिठदला आला.

फुलसिंग पूर्वी आडदांड असावा. आता त्याचा सदरा कोणीतरी खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. त्याने चहा घेतला, गुळाचा खडा तोंडात धरला आणि सरळ सांगितलं. "जानराव गेला. माह्याच झोपडीत होता."

उकंडराव म्हणाला, "आमी त्याचं केलं कवाच."

इंद्रभानने विचारलं, "कवा गेला?"

"तिथं काय पंचांग होतं, भाऊ? पन आता संक्रांत येऊन राह्यली ना? याच्या मागची. पहाऱ्यावाल्यानं त्या दिशी शिजवेल रताळे देल्ले, म्हनून ध्यानात हाय. म्या म्हनलं, जानराव, ऊठ, संक्रांत हाय. तो नाई उठला."

इंद्रभान मनात चंद्र मोजू लागला. करीचा दिवस त्या संक्रांतीच्या कितीतरी मागे होता, मध्ये अख्खं एक वर्ष गेलं होतं, आणि वर आणखी एक दिवाळी. "त्याच्या आधी," त्याने विचारलं, "त्याच्या बी आधीच्या साली. पोळ्याले. कसा होता?"

"पोळ्याले?" फुलसिंगने खडा दुसऱ्या गालात सरकवला. "पोळा आमी केल्ता. अमावस त दिसतेच ना. लाकडाचे बैल केले, जानरावाच्या बैलाले एकच शिंग होतं, लाकूड नाई पुरलं. अन् दुसऱ्या दिशी पडला तो. बुखार. अंगाले हात लावू देये ना. म्हने, फुलसिंग, कोन जाळून राह्यलं बे मले."

लखमाने खाली पाहिलं.

"म्या म्हनलं मलेरिया हाय. सगळ्यायलेच जाळते. मले बी दर महिन्याले जाळे." फुलसिंग आजूबाजूला पाहू लागला, आपण काय बोललो हे त्याला कळेना. "मंग उतरला ना बुखार. लय दिवस चांगला होता. आमाले सांगे, माहा भाऊ येईन मले पाहाले. आमी हसो. म्हनो, अबे, तुह्या भावाले इथचा रस्ता कोन सांगीन? तं म्हने, थो येडा हाय. निंगाला असन घरून."

इंद्रभान उठला आणि गोठ्यात गेला. तिथे त्याला काही काम नव्हतं. बैलांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं. मलेरिया सगळ्यांनाच जाळतो. ही गोष्ट त्याने स्वतःला बऱ्याच वेळा सांगितली, आणि प्रत्येक वेळी ती खरीच निघाली, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

तो परत आला तेव्हा सोजरबाई ओसरीवर उभी होती. फुलसिंगसमोर, सासऱ्यासमोर, डोक्यावरचा पदर न सावरता. "मामाजी," ती म्हणाली, "म्हंजे करीपासून त त्या संक्रांतीपर्यंत मी सवाष्ण होती. माह्या बांगड्या कोन्या हिशोबानं फोडल्या?"

उकंडराव दाव्याचा पीळ उकलत बसला.

"आता त्याले अग्नी द्या परत," ती म्हणाली. "खरा."

"एका मानसाले दोनदा अग्नी देत नाई," उकंडराव म्हणाला. "गावात हसतीन."

सगळे भटजींकडे गेले. भटजींनी प्रामाणिकपणे सगळी पोथी उलटली. मेल्यावर क्रिया झाली तर प्रश्नच नाही. क्रिया झाल्यावर माणूस जिवंत परत आला तर त्याला तुपात न्हाऊ घालून पुन्हा जन्माला घालता येतं, बारसंही करता येतं. पण क्रिया झाली तेव्हा जिवंत होता, नंतर मेला, आणि परतही आला नाही, असा माणूस शास्त्रात नव्हता. "त्याची क्रिया चुकली म्हणावं तर ती झालेली आहे," भटजी म्हणाले. "झाली म्हणावं तर तो तेव्हा होता. सगळा घोळ तारखेचा आहे. तारीख आधीची असती तर काहीच बिघडलं नसतं."

"मंग ते सरकारच्याच हातात असन ना," घरी आल्यावर सोजरबाई म्हणाली. "त्यायनंच नेला, त्यायनंच हरवला. आता मेला म्हनून बी त्यायलेच लिवा लागन. भाऊजी, तुमाले अर्ज करता येते. लिवा."

"ऐकतीन ते?"

"तुमाले कवा ऐकलं? तरी लिवत होते ना."

इंद्रभानने दौत घेतली. पहिला कागद त्याने फाडला, कारण त्यात त्याने एकच ओळ लिहिली होती आणि ती सरकारला नव्हती. दुसरा असा:

मेहेरबान लष्करी दप्तर अधिकारी साहेब यांचे सेवेशी.

अर्जदार इंद्रभान वल्द उकंडराव, राहणार रिठद, तालुका वाशीम, जिल्हा अकोला, याचा विनंती अर्ज ऐसा जे: अर्जदाराचे वडील बंधू जानराव वल्द उकंडराव, लॉरी ड्रायव्हर, हे सरकारी चाकरीत मयत झाले. ते मयत झाल्याबद्दल अर्जदाराची काही तक्रार नाही. तक्रार फक्त तारखेबद्दल आहे. सदरहू मयताचा अग्निसंस्कार अर्जदाराचे हातून मृत्यूपूर्वी झाला असल्याने अर्जदार व मयताची पत्नी सोजरबाई यांची मोठी अडचण झालेली आहे. तरी कृपाळू होऊन मयताच्या मृत्यूची तारीख त्या सालच्या पोळ्याच्या आदल्या दिवसाची, अगर त्यापूर्वीची सरकारला सोयीची पडेल ती, करून मिळावी. मधल्या मुदतीच्या पगारावर अर्जदाराचा दावा राहणार नाही. साक्षीदार फुलसिंग याचे म्हणणे वेगळे पडल्यास त्यास मलेरिया आहे, हे लक्षात घ्यावे. आणि तारीख मागे घेणे नियमात बसत नसल्यास, त्या सालचा पोळा मयताच्या मृत्यूनंतर पडेल इतका पुढे ढकलण्याबद्दल योग्य त्या खात्यास हुकूम व्हावा, ही विनंती.